रोपाआधी शिवारफेरी : वृक्षलागवडीचे नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरवणारे, रोपे पुरवणारे आणि त्यासाठी निधी देणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय : शेतकऱ्यांना व ग्रामसभांना लागवडीचा आराखडा करण्यासाठी मदत मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, पर्जन्यछायेतल्या एका गावी शेती करते. आमच्या अकरा एकरांपैकी तीन एकर जमीन टेकडीच्या उतारावरची, मुरमाड आहे, आणि गावच्या गायरानावरील लागवडीची देखरेख करणाऱ्या समितीत मी गेली बारा वर्षे काम करते आहे. या दोन्ही नात्यांनी, म्हणजे एक जमीनधारक म्हणून आणि ग्रामसभेची एक सदस्य म्हणून, हे पत्र लिहीत आहे. मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. आम्हांला रोपे देण्याआधी आमच्याबरोबर जमीन चालून पाहणारा जाणता माणूस द्या, आणि त्याच्या मदतीने केलेला लेखी आराखडा ग्रामसभेच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती आल्याशिवाय एकही खड्डा खणायला सांगू नका.

सध्या होते ते असे. मे महिन्याच्या अखेरीस निरोप येतो की गावाला अमुक इतक्या रोपांचे उद्दिष्ट आहे, खड्डे तयार ठेवा, रोपांची गाडी जूनच्या शेवटी येईल. कोणती रोपे येणार हे गाडीचे फाळके उघडल्यावरच कळते. ज्या शेतकऱ्याने बांधावर दोन आंबे आणि एक जांभूळ मागितले असेल त्याच्या हाती गुलमोहर पडतो, आणि ज्या माळावर वीतभर माती आहे तिथे सागाची रोपे उतरतात. कोणाच्या मनात वाईट नसते. गाडी आली आहे, पाऊस पडतो आहे, फोटो त्याच दिवशी पाठवायचे आहेत, म्हणून जे आले ते जिथे जागा दिसेल तिथे लावले जाते.

सात वर्षांपूर्वी आमच्या गायरानावर अशीच एक लागवड झाली. ती कोणत्या यंत्रणेने केली हे इथे सांगण्याची गरज नाही, कारण असा अनुभव असलेली गावे मला आसपासच कितीतरी माहीत आहेत. पुढच्या उन्हाळ्यात समितीतल्या दोघीजणींना घेऊन मी जगलेली आणि मेलेली रोपे मोजायला गेले. एक वाळलेले काशीद हाताने ओढले तर ते सहज वर आले, आणि त्याच्या तळाशी रोपवाटिकेतली काळी पिशवी जशीच्या तशी होती. पिशवी फाडली तेव्हा आतली मुळे सुतळीच्या गुंडीसारखी गोल फिरून एकमेकांत गुंतलेली दिसली. वर्षभरात एकही मूळ बाहेरच्या मातीला लागले नव्हते. शेजारचा खड्डा जेमतेम वीतभर खोल होता आणि त्याखाली सलग खडक होता. त्याच ओळीत, दहा-बारा पावलांवर, खडकाच्या भेगेतून कोणीही न लावलेले हिवराचे झाड कमरेइतके वाढून हिरवेगार उभे होते. ज्या मजुरांनी ती रोपे लावली त्यांना मी दोष देत नाही. त्यांना एका दिवसात शेकडो रोपे जमिनीत घालायची होती आणि पिशवी कापून काढा असे सांगायला तिथे कोणी नव्हते. दोष आधीच्या वर्षभरात झाला होता, जेव्हा त्या माळावर कोणी पाऊलही टाकले नाही.

राज्याने गेल्या काही वर्षांत वृक्षलागवडीसाठी मोठी शक्ती लावली आहे हे मी मनापासून मान्य करते. 2016 साली 1 जुलैला एका दिवसात 2 कोटी झाडे, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी, अशी ती चढती उद्दिष्टे होती. त्या निमित्ताने शाळा, बचतगट, तरुण मंडळे, सगळी माणसे बाहेर पडली, आणि गावोगावी रोपवाटिका उभ्या राहिल्या. पण आकडा जसजसा मोठा होत गेला तसतसा सगळ्यांचा प्रश्न एकच झाला, किती खड्डे झाले. या जमिनीवर पूर्वी काय होते, आता काय आहे, इथे कोणाची गुरे चरतात, पाणी कुठे मुरते आणि कुठे वाहून जाते, हे प्रश्न विचारायला कोणाजवळ वेळ उरला नाही. उत्तरे मात्र गावात होती आणि आजही आहेत.

एका जिल्ह्याला एक यादी चालत नाही, हे आमच्या साताऱ्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दीडशे किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात, तो 500 मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. पश्चिमेकडे जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे सदाहरित रान आहे. आमच्याकडे हिवर, बाभूळ, बोर, करंज, कडुनिंब, वावळ आणि ओघळींच्या काठाने उंबर, करवंद. मधल्या पट्ट्यात ऐन, धावडा, पळस. जिल्ह्याच्या दोन टोकांना एकाच रोपवाटिकेतून एकच मिश्रण पाठवणे म्हणजे दोन्हीकडच्या जमिनीला न विचारता निर्णय घेणे आहे.

इथे मला एका गोष्टीवर थोडे थांबायचे आहे, कारण तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. आराखड्याचे एक उत्तर असेही असू शकते की इथे झाडे लावू नयेत. आमचे माळ म्हणजे उजाड झालेले जंगल आहे, अशी समजूत सरकारी कागदांत फार खोल रुजली आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही अशा माळांची गणना पडीकात झाली. पण कमी पावसाच्या दख्खनच्या पठारावर गवत हेच अनेक ठिकाणचे मूळचे वन आहे. मारवेल, पवन्या, कुसळी यांच्या त्या गवतात लांडगा राहतो, खोकड राहते, काळवीट चरते, धाविक पक्षी दगडांच्या रंगात मिसळून अंडी घालतो. सोलापूर-अहिल्यानगर भागात 1979 साली ज्या माळढोकासाठी अभयारण्य झाले, तो पक्षी उघड्या माळाचाच रहिवासी होता, आणि त्याच्या माळांवर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावून आपण त्याची राहण्याची जागा आणखी आकसली. राष्ट्रीय वनधोरणाने 1988 साली एक तृतीयांश भूभागावर वन किंवा वृक्षाच्छादन असावे असे म्हटले, आणि महाराष्ट्रात वनाच्छादन साधारण 16 ते 17 टक्के आहे. ही तूट भरून काढण्याची घाई मला समजते. मात्र ती आमच्या गवताच्या जमिनीवर भरून काढू नका, कारण ते गवत कापूनच आमच्या गुरांचा उन्हाळा निघतो. ज्या माळावर चार-पाच बाभळी आणि बाकी गवत हेच योग्य आहे, तिथे तसे लेखी नोंदवण्याचे धैर्य आराखडा करणाऱ्याला असले पाहिजे, आणि तसे नोंदवले म्हणून त्या गावाचे उद्दिष्ट अपुरे राहिले असे कोणी म्हणता कामा नये.

दुसरे उत्तर असे असू शकते की लावण्याची गरज नाही, राखण्याची आहे. आमच्या टेकडीमागे जो उतार उघडा दिसतो, तिथे पावसाळ्यात वाकून पाहिले तर पळसाचे, बोराचे, हिवराचे फुटवे जमिनीलगत पसरलेले दिसतात. दरवर्षी कुऱ्हाड, शेळी आणि वणवा यांनी ते खुडले जातात, पण खाली मुळे जुनी आणि जिवंत आहेत. अशा मुळावरचा फुटवा पिशवीतल्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने उठतो, त्याला पाणी घालावे लागत नाही आणि तो त्याच मातीचा असतो. धावड्यासारख्या झाडाचे बी तर फार कमी उगवते, त्यामुळे जिथे धावड्याची जिवंत खोडे शिल्लक आहेत तिथे ती राखणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी लागतो तो खर्च वणवा अडवणारी जाळरेषा काढण्याचा, राखणदाराच्या पगाराचा आणि गावाशी बोलून काही वर्षे चराई थांबवण्याचा. आजच्या पद्धतीत मात्र खड्ड्याला पैसे आहेत आणि फुटव्याला नाहीत. मी स्वतः पाहिले आहे की उतारावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खणताना यंत्राने असेच जिवंत फुटवे उपटून काढले, आणि मग त्याच चरांच्या भरावावर नवी रोपे लावण्यात आली.

जिथे लावायचे आहे तिथे तयारी किती आधी व्हायला हवी, हे रोपवाटिकेच्या हिशेबाने पाहिले की लगेच कळते. कडुनिंबाच्या निंबोळ्या आमच्याकडे जून-जुलैत पडतात आणि त्यांचे बी काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावते. जांभळाचे बीही तसेच; वाळवून ठेवले तर मरते. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कडुनिंबाचे चांगले, बोटभर जाडीचे रोप हवे असेल तर या पावसाळ्यात निंबोळी वेचून पिशवीत जायला हवी. बहाव्याच्या बीचे कवच इतके कठीण असते की ते घासून किंवा गरम पाण्याची प्रक्रिया करून घ्यावे लागते. पळसाचे बी उन्हाळ्याच्या शेवटी गोळा होते. उंबर, वड, पिंपळ यांचे बी इतके बारीक की त्यांची रोपे करणे हे वेगळेच काम आहे, आणि अनेकदा विहिरीच्या भिंतीवर उगवलेले रोप काढून वाढवणे सोपे जाते. हे सगळे एका वर्षाचे चक्र आहे. गावाने कोणती झाडे मागायची हे मे महिन्यात ठरले तर रोपवाटिकेत जे आधीच तयार आहे तेच मिळणार, आणि तिथे तयार असते ते लवकर उगवणारे, सोपे, सगळीकडे चालेल असे वाटणारे रोप : काशीद, गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया. रोपवाटिका चालवणाऱ्यांवर आम्ही रागावून उपयोग नाही. त्यांना वर्षभर आधी मागणी मिळालेली नसते.

म्हणूनच मी म्हणते की आराखडा लागवडीच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्याआधी व्हायला हवा. तसे झाले तर बी जवळच्याच रानातून घेता येईल. पश्चिम घाटातल्या गावांना त्यासाठी देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्या नोंदवल्या, तेव्हापासून त्यांचे मोल अभ्यासकांना माहीत आहे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या दोन-चार एकरांत आसपासच्या पंचक्रोशीतून नाहीसे झालेले वृक्ष अजून उभे असतात. गावाच्या आणि गुरवाच्या संमतीने, देवराईला धक्का न लावता खाली पडलेले बी वेचून तेच गावच्या उजाड उतारावर नेणे यापेक्षा योग्य नियोजन मला सुचत नाही. आमच्या भागात अशा मोठ्या देवराया नाहीत, पण म्हसोबाच्या माळावरची जुनी हिवरे आणि ओढ्याकाठची करंजे आहेत, आणि कोणत्या करंजाला दरवर्षी भरपूर शेंगा धरतात हे सांगणारे गुराखी आहेत.

आता शेतकऱ्याच्या खासगी जमिनीविषयी. इथे अडचण झाडाची कमी आणि भीतीची जास्त आहे. माझ्या शेजारच्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याला मी उतारावर हिरडा, जांभूळ, खैर लावा असे सुचवले तेव्हा ते म्हणाले, "लावीन गं, पण उद्या तोडायला परवानगी कुणाकडं मागू?" त्यांची शंका निराधार नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम 1964 या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोहा, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, अंजन अशी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडण्यासाठी परवानगी लागते. कायदा झाडे वाचवण्यासाठी झाला, आणि त्याची गरजही आहे. पण ज्या झाडाची परवानगी लागते ते झाड शेतकरी लावायलाच तयार होत नाही, आणि आपोआप उगवले तर रोप असतानाच खुरप्याने काढून टाकतो, हे गावात राहणाऱ्या कोणालाही विचारा. बांबूच्या बाबतीत काय घडले ते पाहा. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबू हा वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, आणि त्यानंतर बांबूविषयी शेतकऱ्यांचे बोलणेच बदलले.

कोकणातल्या जमीनधारकांची भीती याहून खोल आहे. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम 1975 लागू झाला तेव्हा अनेकांच्या रान म्हणून राखलेल्या जमिनी शासनाकडे गेल्या किंवा सातबाऱ्यावर वनाची नोंद पडून वर्षानुवर्षे वादात राहिल्या. त्यानंतर 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वनसंवर्धनाचा कायदा लागू होतो, असे स्पष्ट झाले. देशभरातील जंगले वाचवण्यात त्या आदेशाचा फार मोठा वाटा आहे आणि मी त्याचा आदर करते. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या कुटुंबाच्या घरात 1975 ची आठवण आजोबांपासून चालत आली आहे, त्यांना आपल्या डोंगराळ जमिनीवर पुन्हा रान वाढू द्या असे सांगताना, उद्या या जमिनीच्या नोंदीत काय बदलेल याचे स्पष्ट, लेखी, साध्या मराठीतले उत्तर देण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. ते उत्तर मिळत नाही म्हणून दर काही वर्षांनी रान साफ करून तिथे काजू लावला जातो. काजूला माझा विरोध नाही. जिथे माणसाला रान राखायचेच होते आणि केवळ कागदाच्या धास्तीने त्याने ते तोडले, तिथे जीव हळहळतो.

बांधावरच्या झाडांचेही नियोजन लागते आणि ते फार बारीक असते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बांधावर झाडे लावली तर पिकावर सावली कमी वेळ राहते, उत्तर-दक्षिण बांधावर ती सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या शेतावर लांबवर पडते. शेजाऱ्याशी आधी न बोलता लावलेल्या झाडावरून सख्ख्या भावांत तंटे झालेले मी पाहिले आहेत. सामाईक खात्यात पाच-सहा नावे असतात, त्यांतले दोघे मुंबईला असतात आणि संमतिपत्रावर सगळ्यांच्या सह्या लागतात. ज्या बाया रोज डोक्यावरून कळशी नेऊन रोपांना पाणी घालतात त्यांची नावे बहुतेक वेळा सातबाऱ्यावर नसतात, त्यामुळे अनुदान त्यांच्या खात्यावर येत नाही आणि कोणती झाडे लावायची हेही त्यांना कोणी विचारत नाही. त्यांना विचारले असते तर सरपणाला, चाऱ्याला आणि औषधाला उपयोगी झाडे यादीत आधी आली असती. जमीन चालून पाहणारा माणूस घरातल्या बाईशी बोलला पाहिजे, एवढी साधी अट घातली तरी आराखडा बदलेल.

गायरानासारख्या सामाईक जमिनीवर तर विचारल्याशिवाय काही करूच नये. आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांना गावचा माळ हवा असतो तो नेमका पावसाळ्याच्या महिन्यांत, आणि लागवडीसाठी माळ बंद केला जातो तोही त्याच महिन्यांत. त्यांच्याशी न बोलता काटेरी तार ओढली की पहिल्याच वर्षी ती कुठेतरी वाकवली जाते आणि मग चराईवाल्यांनी झाडे खाल्ली असा अहवाल जातो. आम्ही दुसऱ्या वेळी वेगळे केले. गायरानाचे चार भाग पाडले, एका वेळी एकच भाग बंद ठेवला, उरलेले तीन चराईला मोकळे राहतील असे मेंढपाळांना बसवून ठरवले आणि बंद भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांच्याकडे जमीन नाही अशा घरांना दिला. कुंपण तारेचे नव्हते, बोराटीचे होते. तिथे लावलेली बहुतेक रोपे आज माणसाच्या डोक्यावर गेली आहेत.

ही काही आमची कल्पकता नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली तेव्हा गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली, आणि हे सगळे नियम ग्रामसभेने स्वतः ठरवले होते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या आधी कित्येक वर्षे तिथे अभ्यासगट बसत होते आणि निर्णय सर्वसहमतीने होत होते. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरने सामूहिक हक्काच्या उजाड जमिनीवर पुन्हा रान उभे केले. या तिन्ही ठिकाणी रोपांची गाडी येण्याआधी माणसे बसली होती. आमच्याच जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याने 2016 च्या पाणलोट स्पर्धेत, म्हणजे पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, पाणी अडवण्याचे जे काम करून दाखवले, त्यातही गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण मिळाले आणि मग श्रमदानाचे फावडे हातात आले. पाण्यासाठी आपण हे शिकलो. झाडांसाठी अजून नाही.

अगदी दाट रोपे लावून रान उभे करण्याच्या मियावाकी पद्धतीविषयी एवढेच म्हणेन की जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी घालून दिलेल्या पद्धतीची पहिली पायरी त्या जागेची नैसर्गिक वनस्पती कोणती हे शोधण्याची आहे. आपण ती पायरी बऱ्याचदा गाळतो आणि दाट लावण्याचा भाग तेवढा घेतो. चौरस मीटरला तीन रोपे म्हणजे हेक्टरी 30,000 रोपे झाली. उन्हाळ्यात आठवड्याला प्रत्येकी 5 लिटर पाणी धरले तरी दीड लाख लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 15 टँकर लागतात. ज्या गावात एप्रिलपासून माणसांना टँकर लागतो तिथे हे करू नये. शहरातल्या लहान भूखंडावर ते शोभते.

मग नेमके काय हवे? मोठी नवी योजना मी मागत नाही. तालुक्यातील काही गावांसाठी मिळून एक लागवड मार्गदर्शक नेमला जावा, जो वनस्पती ओळखतो, माती ओळखतो आणि ज्याची किमान पाच वर्षे बदली होणार नाही. त्याने लागवडीच्या आदल्या वर्षी, पावसाळ्याआधीच्या हिवाळ्यात शेतकऱ्याबरोबर किंवा ग्रामसभेबरोबर शिवारफेरी करावी, गुराखी, मेंढपाळ आणि बाया यांना त्या फेरीत आवर्जून घ्यावे, आणि जमिनीचा साधा नकाशा काढावा, ज्यावर कुठे गवत राखायचे, कुठे फुटवे, कुठे लावायचे आणि कुठे काहीच करायचे नाही हे रंगाने दाखवलेले असेल. त्या नकाशाबरोबर झाडांची यादी, बी कुठून घ्यायचे याची नोंद, पाणी कोण देणार, वणव्यापासून कोण राखणार, आणि कायद्याने या झाडांवर शेतकऱ्याचा हक्क काय राहील याचे एक पान जोडलेले असावे. ही मदत विनाशुल्क असावी आणि एक एकरवाल्यालाही तितकीच मिळावी जितकी पन्नास एकरवाल्याला.

पैशाची पद्धत तर शासनाकडे तयारच आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी, झाडे जगल्याच्या अटीवर दिले जाते. आंब्याला आणि डाळिंबाला जे सुचले ते करंजाला, उंबराला आणि हिवराला का लागू होऊ नये? रानातली झाडे सावकाश वाढतात म्हणून त्यांचे हप्ते पाच वर्षांवर न्यावेत, त्यात नांग्या भरण्याचा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा, खर्च धरावा आणि राखणदाराच्या मजुरीची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी. मोजणी दर वर्षी मेच्या शेवटी, म्हणजे सगळ्यात कठीण ऋतूत व्हावी आणि जिवंत झाडांचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आकडा कमी आला तर कोणाला शिक्षा करण्याची घाई नको, नाहीतर आकडे फुगतील. कमी का आला याचे कारण त्याच फलकावर लिहावे आणि पुढच्या वर्षीचा आराखडा त्यावरून बदलावा.

या पत्राबरोबर मी आमच्या समितीच्या वतीने एक निमंत्रण देत आहे. यंदा दिवाळीनंतर, गवतकापणी सुरू होण्याआधी, आम्ही स्वतःच गावची शिवारफेरी काढणार आहोत. सकाळी सात वाजता चावडीपासून निघून गायरान, टेकडीचा दक्षिण उतार आणि मागची ओघळ असा मार्ग आहे. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आमच्याबरोबर चालावे, आणि रोपवाटिका सांभाळणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्यालाही सोबत आणावे, कारण पुढच्या जूनमध्ये कोणत्या झाडाखाली निंबोळ्या आणि कोणत्या झाडाखाली जांभळे वेचायची हे त्याला तिथे उभे राहून दाखवता येईल. त्या दिवसांत कुसळी पिकलेली असते, तेव्हा पायांत बूट आणि जाड कापडाची विजार असावी. परत यायला दुपार होते. भाकरी आम्ही सगळ्यांची बरोबर घेऊ.

आपली,
सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एक शेतकरी व गायरान समितीची सदस्य